मुलीला आफ्रिकन भाषा आणि संस्कृती मायनर घ्यायचंय, काय करावं?

कर्वेनगरचा_बाप | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

लेक अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय स्टॅटिस्टिक्स. आता मायनर, म्हणजे जोडविषय, नोंदवायची वेळ आलीय आणि आम्ही घरात सगळे धरून चाललो होतो की कॉम्प्युटर सायन्स घेईल, नाहीतर गेलाबाजार इकॉनॉमिक्स. काल व्हिडिओ कॉलवर म्हणते, मी आफ्रिकन भाषा आणि संस्कृती घेतेय. मला वाटलं रूममेटच्या नादाने असेल. पाच-सहा कोर्स असतात म्हणे, त्यातले काही एका भाषेचे, बाकी साहित्य, इतिहास, संगीत असलं. सौ. म्हणतात घेऊ दे, तिचं आयुष्य आहे. माझे वडील म्हणतात, हे शिकायला तिला समुद्र ओलांडून कशाला पाठवली. मी मधल्यामध्ये.

मला विरोध करायचा नाहीये, पण फी मी भरतोय त्यामुळे विचारायचा हक्क आहे असं वाटतं. याचा पुढे नोकरीत काही उपयोग होतो का, व्हिसाला वगैरे काही अडचण येते का, आणि घ्यायचंच झालं तर भाषा कुठली घ्यावी? तिच्यासमोर स्वाहिली, योरुबा, झुलू आणि अम्हारिक असे पर्याय आहेत. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

तिरकस_पेठकर | रविवार, सकाळी १०:३१

डॉलरमध्ये फी भरून स्वाहिली. आमच्या वेळी लोक रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकायचे, नोकरी नाही लागली तरी निदान स्थळं चांगली यायची. चालू द्या.

खारी_बिस्किट | रविवार, सकाळी १०:३४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

अटलांटाची_मावशी | रविवार, सकाळी ११:०५

बापूसाहेब, आधी व्हिसाचं टेन्शन काढून टाका. ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर तिथे काम करायची परवानगी, मेजरवर मिळते, मायनरचा त्यात संबंधच नाही. मेजर स्टॅटिस्टिक्स आहे तोवर ती स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे) यादीतच, म्हणजे बारा महिने आणि वरचे चोवीस महिने दोन्ही शाबूत. फक्त पुढे नोकरी मेजरशी संबंधित असायला हवी, ती अट तशीही आहेच.

पैशांचं म्हणाल तर तिच्या विद्यापीठात फी कशी लावतात ते बघा. काही ठिकाणी बारा ते अठरा क्रेडिटला एकच रक्कम असते, तिथे मायनरचे कोर्स त्याच पैशात बसतात. शिवाय डिग्रीसाठी ह्युमॅनिटीजचे काही क्रेडिट सक्तीचे असतातच, त्यातले यात मोजले जातात का ते ॲडव्हायजरला विचारायला सांगा. भाषा शिकायला सरकारी फेलोशिप असतात त्या नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, तेव्हा त्यावर आशा ठेवू नका.

एक मात्र नक्की तपासा. या भाषांच्या वर्गात मुलं मोजकी असतात. पहिल्या सेमिस्टरला बरी गर्दी, तिसऱ्याला चार डोकी, आणि चौथ्याला वर्गच रद्द. कॅटलॉगमध्ये नाव असणं वेगळं आणि तो कोर्स खरंच उघडणं वेगळं. मागच्या दोन वर्षांत कुठली सेमिस्टरं खरंच भरली ते बघायला सांगा.

झांबेझी | रविवार, दुपारी १२:२०

माझ्या आवडीचा विषय निघाला, आता लांबण लागणार, आधीच माफी मागतो.

मी बरीच वर्षं दार-एस-सलामला होतो, नोकरी साधी, एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. तिथे इंग्रजीवर भागतं असं सांगणारे खूप भेटतील. भागतं, पण ऑफिसच्या दारापर्यंतच. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत, संसद स्वाहिलीत, बसमधली भांडणं स्वाहिलीत. देशात शंभराच्या वर भाषा असून सगळ्यांना जोडणारी एक भाषा त्यांनी जाणूनबुजून उभी केली. न्येरेरे राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी स्वतः शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. आपल्याकडचा कुठला पंतप्रधान फावल्या वेळात असं काही करत होता आठवून बघा.

आणि तिथे बोलण्याची सुरुवातच वेगळी. आपल्यापेक्षा मोठं माणूस दिसलं की 'शिकामो' म्हणायचं, त्यांनी 'माराहाबा' म्हणायचं, मग घरचे कसे, काम कसं, सकाळ कशी गेली, आणि त्यानंतर कामाचं. मी सुरुवातीला थेट "बिल कुठाय" विचारायचो तेव्हा गोदामातला म्हातारा कारकून चष्म्यावरून नुसता बघत राहायचा, आणि बिल काही केल्या सापडायचं नाही. शिकामो म्हणायला लागल्यावर तेच बिल खणात वरच असायचं.

वेळेचा तर अजून गोंधळ. तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा टाटू' म्हणजे शब्दशः तीन, पण घड्याळात सकाळचे नऊ. फोनवर वेळ ठरवताना इंग्रजी वेळ की स्वाहिली हे विचारून घ्यावंच लागतं.

गाडी, चपाती, दुकान असले आपले शब्द तिथे सापडतात म्हणून लोक फार हुरळून जातात आणि सोप्पी आहे हो म्हणतात. दोन डझन शब्द ओळखीचे निघाले म्हणून भाषा येत नाही. लेकीला सांगा, घ्यायची तर चारही सेमिस्टर घे, नाहीतर वेळ घालवू नकोस.

किकस्टार्ट | रविवार, दुपारी १:०२

झांबेझी, आदर आहे पण थोडी असहमती. मी आकुर्डी-चाकण पट्ट्यात दुचाकी एक्स्पोर्टच्या धंद्यात आहे. युगांडा, केनिया, नायजेरियात बजाज बॉक्सर किती पळते हे इथल्या लोकांना माहीतच नाही. कंपालात चौकात उभं राहा, बोडा-बोडावाले, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, पोरं तीसतीस गाड्या लावून बसलेली असतात, निम्म्या पुण्याकडच्या. आमची सगळी मीटिंग इंग्रजीत होते. डीलर, बँक, कस्टम्स सगळे इंग्रजी. मला कधी भाषा अडली नाही.

फक्त एकदा वर्कशॉपमध्ये गेलो होतो, वॉरंटी क्लेम फार येत होते म्हणून. मेकॅनिक पोरगा गाडी उघडून बसलेला, शेजारी आमचं इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअल, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. तो पोराला शिकवत होता तिथल्या लुगांडा भाषेत, क्लचला त्यांचा स्वतःचा शब्द, आणि टॅपेट सेटिंग गेज न लावता कानाने. आमचे इंजिनिअर सहा महिने पुण्यात बसून ॲनालिसिस करत होते की सीट लवकर का फाटते, तिथे समजलं की मागे तीन माणसं आणि केळीचा घड असतो.

तर मुद्दा असा की भाषा यायला हवी हे खरं, पण कुठली? कंपालात मी हौसेने दोन वाक्यं स्वाहिली बोललो तर डीलरचं तोंड वाकडं झालं.

झांबेझी | रविवार, दुपारी १:२५

@किकस्टार्ट, मग असहमत कुठे झालात, माझाच मुद्दा मांडलात की. युगांडात, त्यातही लुगांडा बोलणाऱ्या बगांडा लोकांत, स्वाहिली म्हणजे लष्कर आणि पोलिसांची भाषा अशी जुनी अढी आहे. हुकूमशहा इदी अमीनच्या काळात बंदूक रोखून जी भाषा बोलली गेली ती लोकांना गोड कशी वाटेल. आता सरकारने अधिकृत केलीय, शाळेतही आणतायत, पण मनातली अढी जीआर काढून जात नाही.

तिरकस_पेठकर | रविवार, दुपारी १:४०

म्हणजे चार सेमिस्टर शिकून शेजारच्या देशात तोंड वाकडं. वा.

रुणझुण | रविवार, दुपारी ३:१५

डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र केलंय म्हणून थोडं बोलते. "आफ्रिकन भाषा" असं काही एक नसतं हे आधी बाबांनी लक्षात घ्यावं. खंडात दोन हजारांच्या आसपास भाषा, आणि कुळंच वेगवेगळी. स्वाहिली आणि झुलू बांटू, अम्हारिक सेमिटिक म्हणजे अरबी-हिब्रूची नातेवाईक, हौसा चाडिक. युरोपात हिंडायचंय म्हणून "युरोपियन भाषा" शिकतो असं कुणी म्हणतं का?

मराठी बोलणाऱ्याला कुठली कशी जाईल ते सांगते. स्वाहिलीत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, तो आणि ती एकच. त्याऐवजी नामांचे वर्ग असतात, माणसांचा एक, झाडांचा एक, वस्तूंचा एक असे बरेच, आणि वर्गाची खूण शब्दाच्या पुढे लागते. 'किताबू किमोजा किमेआंगुका' म्हणजे एक पुस्तक पडलं. दोन पुस्तकं पडली म्हणायचं तर 'विताबू विविली विमेआंगुका'. बघा, नाम, संख्या, क्रियापद तिघांचं डोकं एकदम बदललं. आपण "चांगला मुलगा गेला, चांगली मुलगी गेली" करतो तेव्हा हेच करतो, फक्त शेपटीला. त्यामुळे अमेरिकन मुलांना जे पहिल्या सेमिस्टरला अशक्य वाटतं ते तुमच्या मुलीच्या अंगात आधीच आहे. किताबू मुळात अरबी, पण त्यातला 'कि' त्यांनी आपल्या वर्गाची खूण समजून घेतला आणि अनेकवचनात सरळ 'वि' करून टाकला, यावर मी वर्गात खुर्चीतून पडायची राहिले होते.

अम्हारिक वाक्यरचनेला आपल्याला जवळची, क्रियापद शेवटी येतं. लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपं स्वराप्रमाणे, म्हणजे बाराखडीऐवजी सातखडी समजा. व्याकरण मात्र रडवतं.

योरुबात सूर आहेत, वरचा, मधला, खालचा. 'ओको' एकाच अक्षरांत सूर बदलून नवरा, कुदळ, भाला आणि वाहन.

खारी_बिस्किट | रविवार, दुपारी ३:१८

नवरा, कुदळ आणि भाला एकाच शब्दात. योरुबा बायकांनी बनवलेली भाषा दिसते.

अटलांटाची_मावशी | रविवार, दुपारी ३:३०

😂😂 यांना शोधून सूर शिकवायला हवेत.

जुना_फर्ग्युसनकर | रविवार, सायं. ५:५०

वडिलांना माझा नमस्कार सांगा, मी त्यांच्याच वयाच्या आसपासचा. त्यांना म्हणावं समुद्र ओलांडायची गरज नव्हती हे अगदी खरं, पण वेगळ्या अर्थाने. खडकवासल्याला एनडीएची मुख्य इमारत लांबून तरी पाहिली असेल, तो घुमटवाला सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बाजूने लढताना जे भारतीय सैनिक पडले त्यांच्यासाठी सुदानने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले, फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सत्तर हजार आले, ते त्या इमारतीला लागले. १९५९ साली सुदानच्याच राजदूतांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुण्यात जन्म काढलेल्या दहा जणांना विचारा सुदान ब्लॉक नाव का, आठ जण म्हणतील कुणा साहेबाचं नाव असेल.

आणि मलिक अंबर? हबश म्हणजे इथिओपियाकडचा, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी वसवली तेच पुढे औरंगाबाद, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. जमीन मोजून सारा ठरवायची त्याची पद्धत पुढे दख्खनमध्ये कित्येक वर्षं नमुना म्हणून वापरली गेली. १६२६ ला गेला, खुलताबादला कबर आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळी.

डोंगरदऱ्या | रविवार, सायं. ६:०८

अंबर ठीक आहे काका, पण सिद्दी, म्हणजे हेच हबशी, म्हटलं की आम्हाला जंजिरा आठवतो आणि किनारपट्टीच्या रयतेवर झालेले हल्ले आठवतात. तेही इतिहासातच आहे. उगाच सगळं गुळगुळीत करू नका.

जुना_फर्ग्युसनकर | रविवार, सायं. ६:२५

गुळगुळीत कोण करतंय. जंजिरा महाराजांना मिळाला नाही, संभाजीराजांनी १६८२ च्या सुमारास एवढा जोर लावला तरी मिळाला नाही, हे मी कशाला नाकारू. एकाच लोकांतून आपला मित्रही आला आणि शत्रूही, एवढंच म्हणतोय. त्या पट्ट्याला हबसाण म्हणायचे, ते संस्थान १९४८ पर्यंत चाललं.

डोंगरदऱ्या | रविवार, सायं. ६:४०

त्याला सहमत. पण "मित्र" म्हणताना अंबर निजामशाहीसाठी लढत होता, आपल्यासाठी नाही, हेही लिहा.

खारी_बिस्किट | रविवार, सायं. ६:४१

झालं, धाग्याचा जंजिरा झाला. मूळ प्रश्नकर्ता तटबंदीबाहेर होडीत बसलाय.

रुणझुण | रविवार, सायं. ७:००

अवांतरात अजून भर. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात जे सिद्दी राहतात त्यांच्या घरात कोकणी बोलतात. स्वाहिली शिकून तिथे गेलात तर काही उपयोग नाही, कोकणी शिकून जा.

सावली | रविवार, रात्री ९:१०

मला भाषेतलं कळत नाही पण पुण्याचं बोलते. आमच्या कॉलेजात सुदान, टांझानिया, केनियाची मुलं भरपूर होती, माझ्या बॅचला इथिओपियाची एक मुलगी होती, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. तिला घर शोधायला मी बरोबर फिरले. फोनवर माझा आवाज ऐकून फ्लॅट रिकामा असायचा, दारात तिला बघितलं की "कालच गेला हो". एका सोसायटीत तर सेक्रेटरी काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तू चांगल्या घरची दिसतेस, कशाला यांच्यात. ती शेजारीच उभी होती आणि तिला मराठी कळायला लागलं होतं. शेवटी कोंढव्याला एका काकांनी दिलं, कुठलाही प्रश्न न विचारता, भाडं बाजारभावाने.

ती दर शनिवारी कॉफी करायची, कच्च्या बिया कढईत भाजण्यापासून. भाजताना धूर सुटला की कढई घेऊन प्रत्येकासमोर फिरवायची, आपण हाताने वास ओढून घ्यायचा. मग तीन वाफा, म्हणजे तीनदा तीच पूड उकळायची, पहिला कप कडक आणि तिसरा अगदी पाणचट, पण तिसरा झाल्याशिवाय उठायचं नाही. घाईत असलात तर येऊच नका. आम्ही पोरी इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या आदल्या रात्री तिसऱ्या कपाची वाट बघत बसलोय.

मुलगी हे शिकतेय याचा मला आनंदच आहे. पुण्याला तर अशा मायनरची सक्ती करायला हवी, निदान सोसायटीच्या कमिट्यांना.

तिरकस_पेठकर | रविवार, रात्री ९:२५

सावली, ते घराचं वाचून वाईट वाटलं. पेठेत आम्ही कोल्हापूरवाल्यालाही घर देताना तीन प्रश्न विचारतो हे खरं, पण हे वेगळं आहे, मान्य.

तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. माणुसकी शिकायला विद्यापीठाचे क्रेडिट लागत नाहीत. बाप विचारतोय नोकरीचं.

मांजरी_बुद्रुक | सोमवार, सकाळी ७:४५

मग नोकरीचंच बोलू. मी हडपसर-मांजरी भागात लसींच्या क्षेत्रात आहे, क्लिनिकल डॉक्युमेंटेशन. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठी जी मेनआफ्रिव्हॅक लस आली ती पुण्यात सीरममध्ये बनली, डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत पहिली मोहीम, डोसची किंमत पन्नास सेंटच्या आत. नंतर मलेरियाची आर-२१, ऑक्सफर्ड आणि सीरमची, तिला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात झाल्या.

आता त्या लहान बाळांच्या आयांकडून संमती कुठल्या भाषेत घ्यायची? सरकारी कामकाज फ्रेंचमध्ये चालत असलं तरी बुर्किनातल्या खेड्यात बाई मोरे भाषा बोलते, मालीत बंबारा, केनियाच्या किनाऱ्यावर स्वाहिली नाहीतर गिरियामा. फॉर्म भाषांतर करायचा, मग दुसऱ्याकडून उलटा भाषांतर करून मूळ मजकुराशी ताडून बघायचा, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवायचा. आकडेवारीवाल्याला हे काहीच माहीत नसतं. त्याच्याकडे एक्सेलमध्ये फक्त "ताप: हो/नाही" येतं. पण आईला प्रश्न विचारताना अंग गरम असणं आणि मलेरिया यांना एकच शब्द वापरला गेला असेल तर त्या रकान्यावर काय विश्वास ठेवायचा? ज्याला स्टॅटिस्टिक्स येतं आणि तिथल्या एका तरी भाषेत प्रश्नावली कशी विचारली जाते हे कळतं, असा माणूस आम्हाला शोधून सापडत नाही. कॉम्प्युटर सायन्स मायनरवाले ढिगाने येतात.

कर्वेनगरचा_बाप, तुमच्या मुलीने ठरवून केलं असो वा योगायोगाने, जोडी चांगली जमलीय.

विदा_वाचक | सोमवार, सकाळी ९:३०

मांजरीला जोरदार अनुमोदन. एआयच्या भाषा-मॉडेलवर काम करतो. सगळा पैसा इंग्रजीत, खालच्या भाषांकडे डेटाच नाही, मराठी पण त्यातलीच. आफ्रिकेत मात्र २०१९ पासून मासाखाने म्हणून संशोधकांचा गट आहे, त्यांनी कुणी येऊन करून देईल याची वाट न बघता आपापल्या भाषांचे डेटासेट स्वतः बनवायला घेतले. कॉमन व्हॉइस या आवाजांच्या खुल्या संग्रहात रवांडाच्या किन्यारवांडा भाषेचं ध्वनिमुद्रण दोन हजार तासांच्या वर आहे. रवांडा केवढा देश, आणि आपण बारा कोटींचं राज्य. मराठीचे तास तिथे जाऊन बघा आणि मग मराठी भाषा दिनाचे स्टेटस टाका.

तिरकस_पेठकर | सोमवार, सकाळी ९:४४

हे मात्र झोंबलं.

कर्वेनगरचा_बाप | सोमवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. धागा लेकीला पाठवला. ती सावलीची पोस्ट वाचून बराच वेळ गप्प होती. मांजरी बुद्रुक यांचं वाचून म्हणाली की तिला सर्व्हे सॅम्पलिंगच्या वर्गात हाच प्रश्न पडला होता, तिथूनच हे डोक्यात आलं. रूममेटमुळे वगैरे काही नाही, ती मुलगी म्हणे केमिस्ट्रीची आहे आणि स्वतः या मायनरला हसते. 

वडिलांना सुदान ब्लॉक माहीत होता, उलट मलाच ऐकवलं. त्यांचा आक्षेप आता असा आहे की भाषा शिक पण "संस्कृती"चे कोर्स म्हणजे काय, संस्कृती वर्गात बसून कशी शिकणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय हे आपल्या इथे कुठे शिकता आलं असतं का हाही प्रश्न त्यांचाच.

जुना_फर्ग्युसनकर | सोमवार, रात्री ८:५०

दुसऱ्याचं उत्तर सोपं. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकन स्टडीज विभाग १९५५ पासून आहे, स्वाहिली शिकवतात. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून केंद्र आहे, कलिन्याला. अमेरिकेत विस्कॉन्सिनला आफ्रिकन भाषा-साहित्याचा स्वतंत्र विभाग १९६४ चा, म्हणजे दिल्ली त्याच्याही आधीची. आपण मागे नव्हतो, पुढे ढकललं नाही इतकंच. पुण्यात आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलंय पण कॉलेजात जे विषय शिकवायला माणूस आहे त्यातलंच मायनर मिळणार.

झांबेझी | सोमवार, रात्री ९:२०

संस्कृतीच्या कोर्सबद्दल आजोबांची शंका रास्त आहे. ढोल, मुखवटे आणि जेवणाचे पदार्थ दाखवून सेमिस्टर उरकणारे कोर्सही असतात, ते टाळावेत. चांगला कोर्स कसा ओळखायचा, तर त्यात एक जागा आणि एक काळ धरलेला असतो. उदाहरणार्थ झांझिबारचं ताराब संगीत. सिती बिंती साद म्हणून गायिका, गरीब घरातली, लहानपणी मातीची भांडी डोक्यावर घेऊन विकायची. १९२८ मध्ये ती आणि तिचे वादक रेकॉर्डिंगसाठी बोटीने आले ते आपल्या मुंबईला, एचएमव्हीकडे. स्वाहिलीत गायलेल्या त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घरोघर गेल्या. आता यात व्यापार आला, बोटींचे मार्ग आले, बाईने जाहीर गाण्याचा प्रश्न आला, अरबी की स्वाहिली हा भाषेचा प्रश्न आला. एवढं सेमिस्टरभर पुरतं की.

खारी_बिस्किट | सोमवार, रात्री ९:२६

आणि झांझिबारमध्ये जन्मलेला फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला. आपल्या पट्ट्याचं योगदान विसरू नका.

रुणझुण | सोमवार, रात्री ९:४०

साहित्याचा कोर्स असेल तर तो कुठल्या भाषेतलं साहित्य वाचतो ते बघा. बऱ्याच ठिकाणी सगळं इंग्रजी-फ्रेंचमध्ये लिहिलेलंच असतं. केनियाचे लेखक गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजीत नाव कमावल्यावर गिकुयू या आपल्या मातृभाषेत लिहायचं ठरवलं, गिकुयूत नाटक केलं म्हणून तुरुंगात गेले आणि तिथे संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. २०२५ मध्ये गेले. त्यांचं म्हणणं आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या वादात जसंच्या तसं लागू आहे, फक्त आपले लेखक त्यासाठी तुरुंगात गेले नाहीत, मुलांना इंग्रजी शाळेत घालून परिसंवादाला गेले.

डोंगरदऱ्या | सोमवार, रात्री ९:५२

रुणझुण, हे जरा जास्त झालं. माझी मुलं इंग्रजी शाळेतच आहेत आणि मी मराठीत लिहितो, घरात मराठी बोलतो. ज्याच्या हातात दुसरा पर्याय नाही त्याला किती टोमणे मारणार?

रुणझुण | सोमवार, रात्री १०:०५

तुम्ही परिसंवादाला जाता का? नसाल तर टोमणा तुम्हाला नव्हता.

किकस्टार्ट | मंगळवार, सकाळी ८:३०

यावर वेगळा धागा काढा कृपया, इथे बापाला भाषा ठरवायचीय. माझं मत स्वाहिली. युगांडातलं मी लिहिलं ते खरं, पण केनिया-टांझानिया धरा, पूर्व काँगो धरा, आफ्रिकन युनियनच्या कामकाजाची भाषा धरा, पसारा मोठा आहे. शिवाय मुलीला सेमिस्टर तिकडे घालवायचं झालं तर झांझिबारच्या सरकारी विद्यापीठात परदेशी लोकांना स्वाहिली शिकवतात.

रुणझुण | मंगळवार, सकाळी ८:५५

मी असते तर अम्हारिक घेतली असती, लिपीसाठी. पण चौथ्या सेमिस्टरपर्यंत वर्ग टिकेल अशी स्वाहिलीच, नाइलाजाने अनुमोदन.

अटलांटाची_मावशी | मंगळवार, सायं. ६:१०

बापूसाहेब, मी म्हटलं ते तपासलंत का? कुठली सेमिस्टरं खरंच भरतात ते?

कर्वेनगरचा_बाप | बुधवार, रात्री १०:४०

तपासलं मावशी, आणि बरं झालं सांगितलंत. झुलूचा दुसऱ्या सेमिस्टरच्या पुढचा वर्ग दोन वर्षं उघडलेलाच नाही. योरुबाचे मास्तर एकटे आहेत आणि पुढच्या वर्षी रजेवर चाललेत. अम्हारिक फक्त ऑनलाइन, दुसऱ्या विद्यापीठाबरोबर मिळून. स्वाहिलीचे चारही वर्ग होतात पण पहिला आणि तिसरा फक्त ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे यंदा नाही घेतला तर चौथ्या वर्षाच्या आत संपणार नाही. त्यामुळे चर्चेला वेळच नव्हता, तिने कालच नाव घातलं. आम्हाला नंतर कळवलं. साहित्याचा कोर्स कुठला घ्यायचा त्यासाठी रुणझुण यांना तिचे दोन-तीन अभ्यासक्रम व्यनि (खाजगी निरोप) केले तर चालतील का? वडिलांचं म्हणणं, झांझिबारला जाणार असेल तर तिकीट मुंबईमार्गे काढ.

रुणझुण | बुधवार, रात्री १०:५२

पाठवा की. ज्यात अनुवादकांची नावं दिली नसतील तो आधीच बाद करते.

मांजरी_बुद्रुक | गुरुवार, सकाळी ७:३०

मुंबईमार्गे येणार असेल आणि वाटेत केनियात उतरणार असेल तर पिवळ्या तापाची लस विसरू नका. घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि ते नसेल तर इथे विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पिवळं पुस्तक, म्हणजे तेच सर्टिफिकेट, पासपोर्टला रबर लावून ठेवायला सांगा, सामानात टाकलेलं कुणी बघत नाही.